बोलावल्याशिवाय आत न येणारा माणूस

योगराज शहारे यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा व्हॅम्पायरची कादंबरी हातात घेतली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलासमोर उभं राहून तक्रार केली की, ज्या कोणी हे पुस्तक लिहिलं त्याला रक्त काढता येत नाही.

"मॅडम, गळ्याची नस फुटली तर घरभर रक्त होते," ते म्हणाले. "इथं त्या पोरीच्या पांढऱ्या झग्यावर फक्त दोन ठिपके. अन तो इव्हान रुमालानं तोंड पुसून निघून जाते. कापूस नाई, स्पिरिट नाई. असं कुठं राहते का जी?"

आमगावच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं बसते. अक्षर बारीक आहे, शेवटचं पान फाडलंय, मागच्या वाचकाने भाजीचा डाग पाडलाय, अशा तक्रारी मला पाठ आहेत. पण पुस्तकातल्या भुताला कामाची पद्धत माहीत नाही, ही तक्रार नवी होती. मी म्हटलं, "काकाजी, ती गंमत म्हणून वाचायची कादंबरी आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच थोडी खजील झाले. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचं रक्तच काढलं होतं, तेही रात्री.

शहारे काकाजी सरकारी हत्तीरोग पथकात क्षेत्र कर्मचारी होते. हत्तीरोग म्हणजे फायलेरिया. आमच्या भागात हा रोग जुनाच, पाय सुजून खांबासारखा होतो. डासामुळे एकाचा जंतू दुसऱ्याच्या अंगात जातो. हा जंतू दिवसा फुप्फुसात दडून बसतो आणि रात्रीच बोटाच्या रक्तात येतो, म्हणून तपासणीचं रक्त रात्रीच घ्यावं लागतं. आठच्या पुढे काकाजी घरोघर हिंडायचे. अनामिकेला सुई टोचायची, तीन थेंब काचेच्या स्लाइडवर घ्यायचे, नाव लिहायचं, वाळवायचं, लाकडी पेटीत ठेवायचं. पंचक्रोशीतली पोरं त्यांना रक्तवाला म्हणायची आणि आया त्यांच्या नावाचा धाक दाखवून पोरांना जेवू घालायच्या.

मी पण त्यातलीच. सहावीत असताना त्यांचा आवाज ऐकून मी धानाच्या कोठीमागे लपले होते. ते अंगणात थांबायचे. आपण कोण हे कळावं म्हणून टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारायचे आणि हाक द्यायचे, "शहारे आलो जी, फायलेरियावाला." घरातून कोणी 'या' म्हटल्याशिवाय पायरी चढायची नाही, हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नेम. रात्रीच्या वेळी परक्या घरात बायाबापड्या असतात, बोलावल्याशिवाय जायचं नाही. खालून उजेड पडलेला तो चेहरा पाहून आम्ही पोरं जास्तच घाबरायचो, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

आता ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. रोज सकाळी दहाला रिसाम्याहून सायकलने येतात, पेपर वाचतात आणि बायकोसाठी पुस्तक घेऊन जातात. स्वतः पेपराबाहेर काही वाचत नाहीत. बाबासाहेबांची पुस्तकं घरी आहेत, ती वाचून झाली, आता उरलेलं वाचायला शामकला आहे, असं त्यांचं म्हणणं.

शामकलाकाकू चौथी शिकलेल्या, पण वाचनाच्या बाबतीत आमच्या गावात त्यांच्या तोडीचं कोणी नाही. त्यांच्या डाव्या पायाला हत्तीपाय आहे. सात वर्षं झाली, त्या घराबाहेर पडत नाहीत. मुलगी आचल नागपूरला नोकरीला. घरात हे दोघंच. काकूंची फर्माईश माझ्याकडे चिठ्ठीने येते. 'मोठ्या अक्षराचं द्या. मागचं रडकं होतं.' 'यात बाई शेवटी मरते हे आधी सांगायला पाहिजे होतं.' मी त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, कारण वर्षाअखेर आमच्या कार्यकारिणीला वाचकांचा अभिप्राय दाखवावा लागतो आणि काकूंएवढा स्पष्ट अभिप्राय दुसरं कोणी देत नाही.

व्हॅम्पायरची ती कादंबरी अनुदानातल्या गठ्ठ्यात आली होती. मुखपृष्ठावर पांढराफटक तरुण, ओठाबाहेर दोन सुळे. मी ती न वाचताच खालच्या फळीवर सारली. असली पुस्तकं पोरंसोरं वाचतात, असं माझं मत, आणि मत बनवायला पुस्तक उघडावं लागतं असं मी कधी मानलं नाही. जुलैत एकदा मोठ्या अक्षराचं दुसरं काही शिल्लक नव्हतं, म्हणून ती काकाजींच्या पिशवीत घातली. आठवड्याने चिठ्ठी आली, 'याचा दुसरा भाग आहे का? नसेल तर मागवा.'

"हसून राहिली होती वाचता वाचता," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं. "मी विचारलं, का झालं? तर म्हणे, तुमी वाचा, तुमच्याच खात्यातला माणूस आहे."

बायको हसली म्हणून हा माणूस कादंबरी वाचायला बसला. याच्यामागचं कारण मला ठाऊक होतं. त्या घरात हसणं कमी झालं होतं.

काकूंच्या पायाला रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, मलम लावणं फार गरजेचं. बेचकीत चीर पडली की ताप भरतो. त्या वर्षी तीनदा भरला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी एकदा असं झालं तर भरती करावं लागेल आणि पायाचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. काकूंची कंबर वाकत नाही, हात बेचक्यांपर्यंत पोचत नाही. काकाजींनी गावोगावच्या माणसांना टब मांडून पाय धुवायला शिकवलेलं. पण घरी रोज सकाळी ते कोमट पाण्याचा टब घेऊन काकूंच्या खोलीच्या पडद्याबाहेर उभे राहायचे आणि आतून आवाज यायचा, "ठेवा तिथंच." काकू पाय त्यांना दाखवतच नव्हत्या. ते टब ठेवायचे आणि परसात जायचे.

तर काकाजी कादंबरी वाचू लागले. वाचनालयातच, खिडकीजवळच्या बाकावर, ओळीखाली पेन्सिल सरकवत. या प्रकारच्या पुस्तकात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते सगळं विचारायचे. हा इव्हान तीनशे वर्षं जगतो तर त्याचं रेशनकार्ड कोणाच्या नावावर? तो आरशात दिसत नाही, मग भांग कसा पाडतो? लसणाला एवढा भितो, तर गावाने लसूण का पेरला नाही? मी आधी वैतागले, मग मलाच उत्सुकता वाटायला लागली. ते गेले की मी त्यांनी खूण घातलेली पानं वाचायची. न वाचता बनवलेलं माझं मत हळूहळू ढिलं पडत होतं.

"भीती वाटते का काकाजी?" मी एकदा विचारलं.

"नाई. कीव येते. तीनशे वर्षं एकच ड्यूटी, तेही रात्रपाळी."

पाचव्या दिवशी ते जवळजवळ पळतच आले. "मॅडम, मले समजलं. हा इव्हान म्हणजे जंतूच आहे. दिवसा झोपते, रात्री निघते. रक्तावर जगते. अन ज्याच्या अंगात शिरला त्याले कितीक वर्षं खबर नाई राहत. लिहिणाऱ्यानं फायलेरियात नोकरी केली असन." त्यांना एवढा आनंद झाला होता की मी नुसती मान डोलावली.

मग ते एकशे चौऱ्याण्णवव्या पानावर आले. मी त्या बाजूला पाहत होते म्हणून मला दिसलं, पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. त्यांनी चष्मा काढला, पेन्सिल आत ठेवून पुस्तक मिटलं, माझ्याकडे न पाहता सायकल काढली आणि गेले. पेपरही तसाच उघडा राहिला. मी ते पान काढून पाहिलं. इव्हान बर्फात त्या मुलीच्या दाराबाहेर उभा आहे. दार सताड उघडं आहे. पण या लोकांचा नियम असा की घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. मुलगी आत बसून आहे आणि बोलावत नाही.

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आले, वाचनालयात कोणी नव्हतं. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. एरवी ते कधी बसत नाहीत.

"मॅडम, मी एकतीस वर्षं बोलावल्याबिगर कोनाच्या घरी गेलो नाई," ते म्हणाले. "पन मले बोलावलं होतं, तिथं मी गेलो नाई."

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली, दिवाळीच्या पुढेमागे, त्यांच्याच मोहल्ल्याची फेरी होती. काकूंना कणकण होती, जांघेत गाठ आली होती. त्या म्हणाल्या, माझंही बोट घ्या. काकाजींनी सगळ्यात शेवटी, घरी आल्यावर घेतलं. लोकांच्या स्लाइड पेटीत बंद होत्या. बायकोची स्लाइड त्यांनी वाळायला खिडकीत ठेवली, घरचीच तर आहे म्हणून, आणि झोपले. सकाळी पाहिलं तर काच लख्ख. मुंग्यांनी रक्त चाटून नेलं होतं.

या कामातल्या माणसाला मुंग्यांचं पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीस वर्षांच्या पोराने करावी अशी चूक, आणि ती त्यांनी तेरा वर्षं नोकरी झाल्यावर केली. साडेनऊला पेटी गोंदियाला पोचायची होती, नोंदवहीत काकूंच्या नावासमोर स्लाइडचा आकडा चढलेला होता. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं आणि त्या काचेवर आपले तीन थेंब ठेवले. तेही सकाळचे, ज्यात जंतू असला तरी दिसत नाही. निकाल आला, निरंक. तोवर ते पुढच्या गावांच्या फेरीवर होते. परतल्यावर त्यांनी घरी सांगितलं, स्लाइड साफ आहे.

"मग दोन महिन्यानं शामकला मले म्हणे, अंग पुन्हा तापून राहिलं, एकडाव आनखी बोट पाहा. मी म्हटलं, स्लाइड साफ आहे, कायले पाहाचं?" काकाजी टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत होते. "बारा दिवसाच्या गोळ्या होत्या मॅडम. माया पेटीतच राहत होत्या."

पाय चार वर्षांनी सुजला. काकूंचं माहेर बोदलकशाकडचं, तलावाच्या काठचं. सासू म्हणाली, इथं तर स्लाइड साफ होती, हे माहेरच्या पाण्याचं दुखणं. काकूंनी ते खरं धरलं आणि माहेरी जाणं सोडलं.

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "पाण्याने नाही, डासाने होतो, हे तुम्ही आमच्या शाळेत येऊन तक्ता लावून शिकवलंत," मी म्हणाले. "मला अजून आठवतं."

"गावाले सांगतलं," ते म्हणाले. "घरी नाई सांगतलं. डास म्हटला असता तर मंग स्लाइडीचं निघालं असतं."

"हे मला सांगून काय उपयोग? काकूंना सांगा."

"पडद्याच्या बाहेरून कसं सांगू?"

त्यांनी माझ्याकडे एक मागणं केलं. दुसरा भाग आला की मी स्वतः तो घेऊन घरी यावं. मी असले की काकू पडदा बाजूला सारून बसतात. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. नवराबायकोच्या मध्ये बसायची हौस मला नाही. पण त्यांच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी माझं बोट धरलं होतं, आणि मी रडत असताना "झालं बाई, झालं" म्हणत फुंकर घातली होती. मी नागपूरच्या दुकानात फोन लावला.

पुस्तक शनिवारी आलं. संध्याकाळी वाचनालय बंद करून मी रिसाम्याला गेले. काकूंच्या खोलीचा पडदा बाजूला होता. त्या दाराला लागून असलेल्या खाटेवर बसल्या होत्या, पायावर चादर. दुसरा भाग हातात घेऊन त्यांनी आधी अक्षर मोठं आहे का ते पाहिलं आणि मग मला विचारलं, "पोरीनं त्याले आत घेतलं का जी शेवटी?" मी म्हटलं, वाचा म्हणजे कळेल.

काकाजी उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. पुस्तकाचा पहिला भाग त्यांच्या काखेत होता. त्यांनी तिथूनच बोलायला सुरुवात केली. मला सांगितलं तसंच सांगितलं, काही गाळलं नाही. मुंग्या सांगितल्या, आपले तीन थेंब सांगितले, गोळ्या सांगितल्या. काकूंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्या चादरीची किनार दोन बोटांत धरून बसल्या होत्या.

सांगून झालं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मला उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"माय मेली तेव्हा मी गेलो होतो," काकू म्हणाल्या. आमच्याकडे बायासुद्धा 'गेलो' म्हणतात. "वयनीनं पान्याचा गिलास देल्ला. मी पिलो नाई. मयतीच्या घरी मी गिलास वापस केला, आचलचे बाबा. ते वयनी आजवर माह्यासंगं बोलत नाई."

काकाजींनी काखेतलं पुस्तक काढून खाली ठेवलं.

"हे माफ नाई होत. सांगून ठेवतो." काकूंचा आवाज चढला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

मी म्हटलं, आठ वाजून गेले.

"पेटी आहे का तुमची?"

"आहे," काकाजी म्हणाले. "पन आता काई दिसत नाई शामकला. इतक्या वर्षानं रक्तात जंतू राहत नाई. पाय राहते फक्त."

"दिसो का न दिसो. माह्या नावाची एक स्लाइड माह्या रक्ताची असू द्या."

त्यांनी उजवा हात पुढे केला, अनामिका वेगळी काढून. काकाजी ट्रंकेतून लाकडी पेटी घेऊन आले. सुई नवी होती, वेष्टनातली. मला कळलं की त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती आणि मागायचं धैर्य झालं नव्हतं. उंबऱ्यापाशी येऊन ते थबकले. काकूंनी हात आणखी लांब केला, तो दारापर्यंत पोचला. उंबऱ्याच्या बाहेर गुडघ्यावर बसून त्यांनी कापूस फिरवला, टोचलं, तीन थेंब घेतले. नाव लिहिलं, तारीख लिहिली.

मग त्यांनी स्वयंपाकघरातून एक परात आणली. तिच्यात पाणी ओतलं, मधोमध वाटी पालथी घातली आणि वाटीवर ती स्लाइड ठेवली. मुंगीला पोहता येत नाही. काकू हे सगळं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा, आधी नाही.

"हे तेव्हा काऊन नाई केलं जी?" त्यांनी विचारलं.

"घरचीच समजलो," काकाजी म्हणाले.

मी पिशवी उचलली. निघताना काकूंना नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. त्या स्लाइडकडेच पाहत होत्या. काकाजी परसात गेले होते, चुलीवरून पाणी उपसल्याचा आवाज आला. ते टब घेऊन आले. सकाळची वेळ नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं. सवयीने त्यांनी टब पडद्यापाशी खाली ठेवला, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि उभे राहिले. दार उघडं होतं, पडदा बाजूलाच होता. आपल्या घरात, आपल्या बायकोच्या खोलीबाहेर ते तसेच उभे राहिले, आणि मला ते आमच्या अंगणातले शहारे दिसले.

काकूंनी पायावरची चादर काढली.

"या," त्या म्हणाल्या.

काकाजींनी टब उचलला. मी अंगणात येऊन चपला घातल्या. मागून काकूंचा आवाज आला, पाणी गरम आहे, थोडं थंड घाला.